पितूची जीभ

आमच्या गावात कुणाचा सूड घ्यायचा असेल तर कुणी हात उचलत नाही. कार्निव्हलच्या शेवटच्या रविवारची वाट बघतात.

त्या रविवारी चर्चसमोरच्या चौकात गाडीवर एक टर्की बांधून ठेवलेला असतो. त्याला आम्ही पितू म्हणतो. वर्षभरात गावाचं जे काही वाकडं झालं, गारा पडल्या, वाईन आंबली, गाय गाभडली, ते सगळं त्याच्या माथी मारायचं, त्याच्यावर खटला भरायचा आणि मान उडवण्याआधी त्याचं मृत्युपत्र गावाला ऐकवायचं. कागदबिगद काही नसतो. सगळं तोंडपाठ, यमकात, आणि आमच्या पिएमोंतेझ बोलीत. इटालियन असते शाळेतल्या बाईंसाठी आणि पोलिसांसाठी. तिच्यात आजवर कुणी कुणाला धड शिवी दिलेली मी ऐकली नाही. हे मृत्युपत्र रचणारा आणि म्हणणारा मी, क्लेमेंत. धंदा पिंपं बनवायचा. फळी ठोकून ठोकून जागेवर बसवायची. दोन्हीकडे काम तेच.

पितू मरताना आपला एकेक अवयव वाटून टाकतो. अक्कल नाही त्याला डोकं, पोरींच्या मागे पळतो त्याला पाय, नवऱ्याला बडवते तिला चोच. ज्याचं नाव येईल त्यानं गाडीपाशी यायचं, सगळ्यांदेखत हसायचं आणि पेलाभर वाईन उभ्यानं प्यायची. जो फणकाऱ्यानं घरी जाईल त्याला पुढच्या वर्षी दुप्पट. सुटायची वाट एकच. मिळालेला अवयव तिथल्या तिथे, यमकात, दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात बांधायचा. तो तिथे चपखल बसला आणि चौक हसला, की पितू जन्मात पुन्हा तुमचं नाव घेत नाही. हे जमलेली माणसं माझ्या आठवणीत दोनच, आणि दोघंही दारूत तरबेज होते.

फोर्तुनाताला मी दरवर्षी जीभ द्यायचो.

ती आली तेव्हा आमच्या टेकड्यांवर लग्नाला मुलीच उरल्या नव्हत्या. आमच्या पोरींना तोरिनोच्या कारखान्यातला नवरा हवा होता, न्हाणीघरात नळ हवा होता. मग लग्नं जुळवणारा दलाल दूर दक्षिणेतल्या कालाब्रियाहून फोटो घेऊन यायचा आणि आमचे चाळिशी गाठलेले शेतकरी फोटोवर बोट ठेवायचे. सेकोंदोनं बोट ठेवलं ते फोर्तुनातावर. ती पेटी घेऊन बसमधून उतरली त्या दिवसापासून गाव तिला नापुली म्हणायला लागलं. बिचारीनं नापोली शहर उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, पण रोमच्या खालचे सगळे आमच्या लेखी नापुलीच.

सेकोंदो स्वभावानं गरीब, म्हणजे आईच्या ताटाखालचं मांजर. घर चालायचं ते सासूच्या, ओर्सोलाच्या, हुकमावर. ओर्सोलाला इटालियन कामापुरतं यायचं, पण सुनेशी ती एक शब्द इटालियन बोलली नाही. सून स्वयंपाकघरात आली की उलट बोलीचा वेग वाढायचा.

"मीठ माग हिच्याकडे," ती मुलाला म्हणायची, "बघू आज काय आणते."

फोर्तुनाता कधी चाळण आणायची, कधी केरसुणी. सगळं घर पोट धरून हसायचं. ती पण हसायची. तिला वाटायचं, हसलं की माणसं जवळ येतात.

मुलगी झाली, लिदिया. ती आजीच्या मांडीवर वाढली आणि आजीच्या तोंडचं बोलायला शिकली. आईला ती काय म्हणायची? सगळे म्हणायचे तेच. "नापुली, दूध दे. नापुली, बूट घाल." ओर्सोलाला याचं भारी कौतुक होतं. येईल त्याला ती पोरीकडून हे म्हणवून घ्यायची. फोर्तुनाताला सगळं सोसवत होतं, हे सोसवत नव्हतं. तिला बाकी काही नको होतं. पोरीनं एकदा आई म्हणावं एवढंच.

त्या घरात तिच्याशी माणसासारखं बोलणारी एकच होती, तिची नणंद देल्फीना.

देल्फीना पन्नाशीला टेकलेली, बिनलग्नाची. पण तिला घोडनवरी म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. तेकलाचा मुलगा बाल्दो डोंगरी पलटणीतून रशियाच्या लढाईवर गेला तो तिकडच्या डॉन नदीच्या बर्फात बेपत्ता झाला. देल्फीना त्याची वाग्दत्त वधू. बोटात अंगठी, आणि तेव्हापासून अंगावर काळे कपडे. स्वतः तेकलानं तिला सून मानलं होतं. मुलाच्या लग्नासाठी विणून ठेवलेल्या तागाच्या चादरी तिनं देल्फीनाला दिल्या. दोघी चर्चमध्ये एका बाकावर बसायच्या, आणि मृतांच्या दिवशी स्मशानात, जिथे बाल्दोची कबर नाही, नुसता फोटो आहे, तिथे दोघी मिळून मेणबत्ती लावायच्या. बायका त्यांना वाट करून द्यायच्या. असा मान लेकुरवाळ्या बायकांनाही मिळत नाही.

आणि बोली म्हणाल तर देल्फीनासारखी मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकली नाही. तिच्या आजीच्या वेळचे शब्द ती असे सहज बोलायची की माझ्यासारखा यमक जुळवणारा मुद्दाम गोठ्याशी जाऊन उभा राहायचा. ती फोर्तुनाताला गोठ्यात शिकवायची, धार काढताना.

"आधी गाईशी बोल," ती म्हणायची. "गाय हसत नाही."

आमच्या पांढऱ्या गाईंना आमचीच बोली कळते. सरक म्हटलं तर सरकायच्या, नाहीतर शेपटी मारून उभ्या. फोर्तुनाता आधी गाईला सरकवायला शिकली, मग पाय उचलायला लावायला, मग तिची खरडपट्टी काढायला. हिवाळ्यात हेझलनट फोडत दोघी गोठ्याच्या उबेत बसायच्या तेव्हा देल्फीना तिला शब्द शिकवायची, टोमणे शिकवायची, कुठल्या शब्दाला कुठला शब्द जुळतो ते सांगायची. बाहेर मात्र फोर्तुनाता मुकीच राहायची. देल्फीनानंच तिला बजावलं होतं, "पक्कं होऊ दे. कच्चं बोललीस तर फाडून खातील."

एका संध्याकाळी फोर्तुनाता धार काढताना रडायला लागली. दिवसभर लिदिया तापानं फणफणली होती आणि तापातही हाका मारत होती ती आजीला.

"ताई, माझी पोर माझी नाही हो. या गावात माझं काहीच नाही."

देल्फीनानं बादली खाली ठेवली. "रडू नकोस. तुला एक सांगते. इथलीच असून माझंही काही नाही."

मग तिनं जे सांगितलं ते तिनं कबुलीजबाबातही पाद्रीला सांगितलं नव्हतं. बाल्दोनं तिला कधी मागणी घातलीच नव्हती. पलटण निघाली त्या दिवशी त्यानं सगळ्याच पोरींशी हात मिळवला, तसा तिच्याशीही. तो बेपत्ता झाल्याची बातमी आली तेव्हा तिनं खाली आल्बा शहराच्या बाजारातून एक अंगठी घेतली आणि एकटीनंच बोटात घातली, घरात, दार लावून. दुसऱ्या दिवशी ती काढायला विसरली. तेकलानं ती बघितली आणि रस्त्यातच तिच्या गळ्यात पडली.

"म्हातारी म्हणाली, म्हणजे माझ्या पोरावर कुणीतरी जीव लावला होता तर. आता सांग, मी काय बोलणार होते?"

हे सगळं मला पुढे फोर्तुनातानंच सांगितलं. सांगताना तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

त्या वर्षी कार्निव्हलच्या आदल्या आठवड्यात ओर्सोला माझ्या कारखान्यात आली. मी पिंपाला कडं चढवत होतो.

"क्लेमेंत, यंदा नापुलीला काय देणार?"

"दरवर्षीचंच. जीभ."

"मग ती आमच्या लिदियाच्या हातून दे. मी तिला दोन ओळी पढवल्यात. गाडीवर उभी करू. काय गोड दिसेल!"

मला कल्पना आवडली. चार वर्षांचं पोर गाडीवर उभं राहून यमक म्हणतंय, याहून चौक हसवणारं दुसरं काय? मी हो म्हटलं. आता कुणी मला विचारतात, तुला काही वाटलं नाही का? पितूला विचारा. मी त्याचा वकील.

रविवारी चौक भरला होता. खालच्या वाड्यांवरचे लोकही आले होते. गाडीवर पितू गळ्याखालची लाल पिशवी हलवत उभा, मी उंच टोपी घालून त्याच्या शेजारी. पंख दिले, पाय दिले, पिसं दिली. मग घसा खाकरून मी सुरू केलं:

जीभ माझी ही नापुलीला द्या,
तोंडात तिच्या काही नाही, बया!
गोठ्यातली गाय बोली जाणते,
ही नुसती बघते नि मान हलवते!

लोकांनी शिट्ट्या मारल्या. फोर्तुनाता दरवर्षीसारखी पुढे आली, तोंडावर तेच हसू. तेवढ्यात ओर्सोलानं लिदियाला उचलून गाडीवर ठेवलं. पोरीच्या हातात लाल कापडाची एक जीभ, आजीनं शिवलेली. पोरीनं ती पुढे केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

नापुली, नापुली, घे गं जीभ,
आजी म्हणते, बिचारी गरीब!

चौक नुसता फुटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. पोरीला वाटलं आपण काहीतरी फार छान केलं, म्हणून तिनं ते पुन्हा म्हटलं. फोर्तुनाताचं हसू गेलं. तिनं ती कापडी जीभ हातात घेतली, पण पेल्याला हात लावला नाही.

"पी की गं!" मागून कुणीतरी ओरडलं.

ती वळली. तिनं आधी ओर्सोलाकडे पाहिलं. मला कळलं की ही बोलणार. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, आता म्हातारीची चांगली जिरते. पण ओर्सोलाच्या दोन्ही बाजूंना तिचे भाऊ उभे होते, पुतणे उभे होते, निम्मा चौक तिचा सोयरा. तिच्यावर फेकलेल्या यमकाला हसणार कोण? फोर्तुनाताची नजर पुढे सरकली, माणसांवरून फिरत फिरत गेली आणि चर्चच्या पायरीवर थांबली. तिथे तेकला म्हातारीचा हात धरून देल्फीना उभी होती. तिच्या मागे नुसती भिंत होती. आमच्या खेळाचा नियम या परक्या बाईला आमच्याहून नीट समजला होता.

आणि मग ती बोलली. आमच्या बोलीत, एकही शब्द न अडखळता, देल्फीनाच्या आजीच्या वेळच्या उच्चारांत:

दिलीत ती जीभ मी घेतली, बाई,
पण माझ्या तोंडात जागाच नाही.
माझ्या नणंदेला नेऊन ती द्या,
जिभेनंच नवरा केलाय तिनं, बया!
बाल्दोनं कधी बोट नाही धरलं,
आल्बाच्या बाजारात लग्न हिनं ठरवलं.
मेल्या माणसाला नाही म्हणता येईना,
म्हणून हिचा साखरपुडा मोडता मोडेना!

माझंच यमक तिनं उचलून माझ्याच तोंडावर फेकलं होतं. 'द्या' आणि 'बया'. इतकी वर्षं मी हे काम करतो, असा घाव मला एकदाही जमला नाही.

क्षणभर चौकात पितूच्या पायातली साखळी तेवढी वाजली. लोकांना आधी बोलीचं नवल वाटत होतं. अर्थ मागून पोचला. मग मागच्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. ज्या बायकांनी इतकी वर्षं देल्फीनाला वाट करून दिली होती, त्या सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. इतकी वर्षं मान दिल्याचा राग होता तो.

देल्फीना गाडीपाशी आली. नियम तिलाही होता. तिलाही ती जीभ पुढे ढकलता आली असती. तिच्याइतकी बोली गावात होती कुणाला? आणि गोठ्यात एकटीच बोलत नव्हती ती. फोर्तुनातानंही आपलं काय काय तिच्या पदरात टाकलं असेल, लग्नाआधीचं, कालाब्रियातलं. देल्फीनानं तोंड उघडलं. मी कान टवकारले. मग तिची नजर गाडीवरच्या लिदियाकडे गेली. तिनं तोंड मिटलं. ती हसली, नियमाप्रमाणे मोठ्यानं हसली, आणि पेला उचलून उभ्यानं रिकामा केला.

तोवर तेकला गर्दीतून काठी टेकत पुढे आली होती. तिनं नुसता तळहात पुढे केला.

देल्फीना अंगठी काढायला लागली. ती निघेना. इतक्या वर्षांच्या कामानं बोटाची पेरं सुजलेली. तिनं पिरगाळलं, ओढलं, मग पेल्यातले उरलेले थेंब बोटावर ओतले. लोकांना वाटलं हाही खेळाचाच भाग. "दातानं काढ!" कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा उसळला. शेवटी कातडी सोलवटून अंगठी निघाली. ती काही तेकलाच्या मुलानं दिलेली नव्हती, तेकलाला तिचं काय? पण म्हातारीनं ती मुठीत धरली.

"चादरी उद्या आणून दे," ती म्हणाली. "धुऊन."

मी पितूची मान उडवली. दुसरं काय करणार होतो, लोक थांबले होते.

ओर्सोला गाडीपाशी आली ती लेकीजवळ गेली नाही. तिनं लिदियाला उचललं, सुनेच्या कडेवर दिलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघून म्हणाली, "सांभाळ तुझी पोर. जा गं, आईकडे जा." पोरीनं एकदा आजीकडे पाहिलं, एकदा या बाईकडे, जिच्यासाठी सगळे टाळ्या वाजवत होते, आणि तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आई."

फोर्तुनातानं तिला असं घट्ट धरलं की पोर रडायला लागली. मला तिची कीव आली नाही. आणि तिचा रागही आला नाही. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि आमच्याकडे ते याच भावानं मिळतं.

दुसऱ्या दिवशी देल्फीनानं चादरी धुऊन, इस्त्री करून पोचवल्या. तेकलानं दार उघडलं नाही, खिडकीतून घेतल्या. आणि त्याच दिवसापासून देल्फीनानं आमची बोली टाकली. शाळेत तीन इयत्तांत जेवढं इटालियन तिच्या डोक्यात गेलं होतं तेवढ्यातच ती बोलायला लागली, आईशी, भावाशी, सगळ्यांशी.

"मातोश्री, दूध काढून झालेले आहे," ती म्हणायची. "मी आता झोपावयास जात आहे."

गाव महिनाभर यावर हसलं. पोरं तिच्या मागे "झालेले आहे, झालेले आहे" करत फिरायची. ओर्सोलानं तिला दोनदा थोबाडीत मारली. उपयोग नाही. गोठ्यात गाईंशीही ती इटालियनच बोलायची आणि गाई जागच्या हलायच्या नाहीत. शेवटी गोठा फोर्तुनाताकडे गेला. फोर्तुनाताला ती 'अहो' म्हणायला लागली. "आपण बसावे, मी वाढते." आमच्या घरांत कुणी कुणाला असं बोलत नाही, असं कचेरीतल्या साहेबाशी बोलतात.

वर्षं गेली. ओर्सोला मेली, तेकला त्याआधीच. माझा आवाज बसला तेव्हा टोपी आणि काठी मी फोर्तुनाताच्या हातात दिली, कारण तिच्या तोलाचं गावात कुणीच नव्हतं. लिदिया आल्बाला नोकरीला लागली. आता ती आईशी इटालियनच बोलते. तिला बोलीची लाज वाटते.

मग एका शरदात तोरिनोहून दोन शिकलेली माणसं आली, एक बाई आणि एक दाढीवाला. सोबत टेप करायचं यंत्र. म्हणाले, तुमची बोली मरतेय, ती जपून ठेवायची आहे. त्यांना ओर्सोलाच्या स्वयंपाकघरात बसवलं. मी होतो, सेकोंदो होता, फोर्तुनाता होती. कोपऱ्यात देल्फीना हेझलनट फोडत होती.

दाढीवाल्यानं माइक आधी तिच्यापुढे धरला. "आजी, तुम्ही जन्मानं इथल्याच ना? काहीतरी सांगा ना तुमच्या बोलीत."

"क्षमा असावी," देल्फीना म्हणाली. "ती भाषा मला अवगत नाही. आपण माझ्या भावजयीस विचारावे."

माइक फोर्तुनाताकडे गेला. ती बोलायला लागली तशी ती दोघं एकमेकांकडे बघायला लागली. असे शब्द त्यांना आख्ख्या टेकड्यांत कुठे मिळाले नव्हते. ती कालाब्रियाची आहे हे कळल्यावर तर त्यांचा विश्वासच बसेना.

"मग हे शिकवलं कुणी तुम्हाला?" बाईनं विचारलं.

"गाईंनी," फोर्तुनाता म्हणाली.

ती दोघं खो खो हसली. मला वाटलं, पिंपं ठोकायचा हातोडा आणून त्या यंत्राचे तुकडे करावेत. पण माझ्याच्यानं आता हातोडाही उचलवत नाही.

"पितूचं काहीतरी म्हणा ना," दाढीवाला म्हणाला. "तुमचं सगळ्यांत गाजलेलं."

फोर्तुनाताला शंभर यमकं पाठ होती. तिनं हात पुसले, ताठ बसली आणि सुरू केलं, "दिलीत ती जीभ मी घेतली, बाई." एकही ओळ गाळली नाही. बाल्दोचं बोट, आल्बाचा बाजार, सगळं.

संपलं तेव्हा कोपऱ्यातला फोडण्याचा आवाज थांबला होता. देल्फीना उठली. एप्रनला हात पुसत टेबलापाशी आली, एक पेला भरला आणि हसली. नियमाप्रमाणे, मोठ्यानं, जितकं हसायचं तितकं. मग उभ्यानं वाईन प्यायली, पेला विसळून पालथा घातला आणि पुन्हा हेझलनटपाशी जाऊन बसली.

"वा!" दाढीवाला खुशीत म्हणाला. "आजींचं हसणंही छान आलं."

तोरिनोच्या कुठल्याशा कपाटात आमची बोली आता सुखरूप आहे. फोर्तुनाताचा आवाज, आणि त्यामागे देल्फीनाचं हसणं.